ताटाला विचारलेला प्रश्न

फाल्गुन लागला की बडोद्यात दोन ऋतू एकदमच सुरू होतात. शहराबाहेरच्या माळांवर केसुडा फुलतो आणि बाजारात धाणी, चणे, खजूर व साखरेचे हारडे (आपल्या गाठींचेच हे भाऊबंद) यांच्या हातगाड्या लागतात. हा एक ऋतू. दुसरा परीक्षेचा. विद्यापीठाच्या वसतिगृहांतले आणि फत्तेगंज-प्रतापगंजाकडील भाड्याच्या खोल्यांतले दिवे रात्री उशिरापर्यंत जळत राहतात. होळीची सुट्टी एका दिवसाची. तेवढ्यात नागपूरला वा कोल्हापूरला जाऊन परत येणे शक्य नसते. मग परगावचा विद्यार्थी सणाला काय करतो? बहुतेक जण मित्रांबरोबर रंग खेळतात आणि खाणावळीत जेवतात. काही थोडे मात्र एका शेगडीवर पुरणपोळी करावयास बसतात. या थोड्यांच्या उद्योगातून जो प्रश्न उभा राहतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे. सण हा करणाऱ्याचा की खाणाऱ्याचा? आणि आपण ज्याला मोठ्या प्रेमाने 'घरचे' म्हणतो, ते नेमके कशाने घरचे होते?

हा प्रश्न आम्हांस पुस्तकात भेटला नाही. तो जिन्यावरून खाली आला. काही वर्षांपूर्वी आमच्या वरच्या खोलीत तीन विद्यार्थी राहत होते. दोघे मराठी, एक जळगावकडचा आणि एक विदर्भातला. तिसरा ईशान्येकडचा, चित्रकला शिकावयास आलेला. होळीच्या आदल्या संध्याकाळी जळगावकर दारात उभा राहिला आणि पुरणयंत्र आहे का, असे विचारू लागला. होते, माळ्यावर होते. किती वर्षे ते खाली उतरले नव्हते याचा हिशेब कोणी केला नाही. धूळ पुसून दिले. पाठोपाठ लाटणेही मागून नेले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरून जे आवाज येत होते, त्यांवरून एकंदर प्रगती कळत होती. जळगावची आई दूरध्वनीवरून सूचना देत होती. डाळ बोटाने चेपली जाईल इतकी शिजवा. गूळ घातला की पुरण आधी सैल होईल, घाबरू नका. चमचा त्यात उभा राहिला की उतरवा. एवढे सांगूनही विदर्भकराने डाळीवरचा कट मोरीत ओतला आणि आमटीला मुकल्याची हळहळ पलीकडून आम्हांलाही ऐकू आली. कणीक किती सैल हवी, हे मात्र त्या माउलीला सांगता येईना. तो हाताचा अंदाज आहे, आणि अंदाज तारेवरून जात नाही.

दुपारी दोनच्या सुमारास एक ताट खाली आले. चार पोळ्या. एकीचे पुरण कडेने बाहेर आलेले, दुसरी एका बाजूला करपलेली, वर तूप. ताट घेऊन चित्रकलेचा विद्यार्थी आला होता. ताट हाती घेताना आम्ही त्याला विचारले, "स्वयंपाक कोणी केला?" तो प्रसन्नपणे म्हणाला, "सगळ्यांनी."

त्या दिवशी आमच्या घरात पोळ्या झाल्या नव्हत्या. मिठाईच्या दुकानातून एक डबा आणला होता आणि त्यातल्याच पोळीचा नैवेद्य दाखविला होता. पोळ्या गोल, सारख्या, मऊ होत्या. त्या डब्याला आम्ही 'स्वयंपाक कोणी केला?' असे विचारले नव्हते.

या विसंगतीकडे परत यावयाचे आहे. त्याआधी एका आक्षेपाचे निराकरण केले पाहिजे. कोणी म्हणेल की, विद्यार्थ्यांनी केला तो सण नव्हे. ती चवीची आठवण. त्यांनी होळीची पूजा केली नाही, अग्नीत नैवेद्य टाकला नाही, सोवळे पाळले नाही. त्यांपैकी एकाला तर होलिकेची कथाही ठाऊक नव्हती. श्रद्धा वजा केली की उरतो तो केवळ गोड पदार्थ, आणि गोड पदार्थ कोणत्याही दिवशी खाता येतो.

आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे शेवटचे वाक्यच त्याच्या विरुद्ध साक्ष देते. पुरणपोळी आज खरोखरच कोणत्याही दिवशी मिळते, आणि तरीही त्या तिघांनी ती पौर्णिमेलाच केली. परीक्षा तोंडावर असताना, पुढचा रविवार अधिक सोयीचा असताना, त्यांनी स्वतः न ठरविलेला दिवस मान्य केला. आपल्या सोयीहून मोठे असे काहीतरी आहे आणि त्याच्यापुढे आपण आपले वेळापत्रक वाकवितो, ही सणातली श्रद्धेची पहिली पायरी आहे. पुष्कळदा आपलीही श्रद्धा त्या पायरीच्या फार वर चढलेली नसते. आमच्या घरी तिथी पाळली गेली, नैवेद्य दाखविला गेला, मंत्र म्हटला गेला. परंतु त्या सर्वांसाठी कोणाला तासभरही वाकावे लागले नाही. श्रद्धेचा तराजू लावायचाच तर तो दोन्ही मजल्यांवर लावला पाहिजे.

येथे एक गैरसमज होऊ नये. विकत आणणे हा दोष आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्यांचे सांधे दुखतात त्यांनी पाट्यावर पुरण वाटावे, किंवा दिवसभर नोकरी करून आलेल्या सुनेने रात्री सोळा पोळ्या लाटाव्यात, असा आग्रह धरणारा मनुष्य बहुधा स्वतः कधी लाटणे धरीत नाही. शिवाय 'घरगुती' अशी पाटी लावून जे विकले जाते, त्यामागे कित्येकदा खरोखरीच एखादे घर असते आणि त्या घराचा चरितार्थ त्या पोळ्यांवर चालतो. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही.

प्रश्न श्रमाचा आहे, आणि तो जुन्या काळालाही विचारावा लागतो. आपण ज्या 'घरच्या' पोळीची आठवण काढून हळवे होतो, ती कोणी केली होती? पहाटे उठून, ओलेत्याने, सोवळ्यात चुलीपुढे बसलेल्या एका बाईने. पुरण तिने शिजविले, तिनेच वाटले, तिनेच भरले. पंगती उठल्या, मुले रंग खेळावयास गेली, आणि दुपार कलल्यावर तिने उरलेली गार पोळी खाल्ली. घरातले पुरुष आणि मुलगे हे त्या सणाचे पाहुणे होते. आपल्याच घरी पाहुणे. त्या गोडीत एका व्यक्तीचा थकवा मिसळलेला होता आणि तो कोणी मोजीत नव्हते. दुकानातल्या डब्याने त्या बाईचे हात मोकळे केले, हे त्या डब्याचे पुण्यच म्हणावयाचे. परंतु त्याने घरातल्या इतरांचे हात कामाला लावले नाहीत. पूर्वी एक सोडून सारे पाहुणे होते. आता सारेच पाहुणे झाले.

वरच्या मजल्यावर जे घडले ते या दोहोंहून निराळे होते. तेथे जे खाणार होते तेच करणारे होते. म्हणून विद्यार्थ्याची करपलेली पोळी ही आईच्या पोळीची कच्ची नक्कल आहे, असे आम्हांस वाटत नाही. आईच्या पोळीत जो अन्याय होता, त्याची ती न कळत केलेली दुरुस्ती आहे. ज्याने एकदा पुरणयंत्राचा दांडा अर्धा तास फिरविला, त्याला आईचे मनगट पहिल्यांदाच समजते.

या संदर्भात बडोद्याच्याच एका विद्यार्थ्याची आठवण होते. विनायक नरहर भावे हा येथील महाविद्यालयात शिकणारा तरुण १९१६च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाला आणि सुरतेला उतरून काशीकडे वळला. त्याच वर्षी ७ जून रोजी तो अहमदाबादेस कोचरब आश्रमात गांधीजींना प्रथम भेटला, तेव्हा ते भाजी चिरीत बसले होते. त्यांनी त्याच्याही हाती सुरी दिली. पुढे विनोबा झालेल्या त्या तरुणाला राष्ट्राचा पुढारी असे काम करतो हे नवलाचे वाटले आणि श्रमाचा पहिला पाठ तेथेच मिळाला, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. थोर गुरूकडून घेतलेली ही पहिली दीक्षा उपनिषदाची नव्हती, स्वयंपाकघरातली होती.

आता आपल्याकडे, म्हणजे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या मराठी घरांकडे वळू. १७३४ साली बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले, आणि त्यापुढच्या काळात शिलेदार, कारकून, शास्त्री, वैद्य, गवई, मास्तर असे कितीतरी लोक आपापले गाव सोडून येथे आले. त्यांची पहिली होळी कशी झाली असेल? परकी बोली, परका बाजार आणि ओळखीचे घर एकही नाही. गुजराती शेजारीण पुरण करीत होती ते तुरीच्या डाळीचे, आणि त्याला वेढमी म्हणत होती. आपली डाळ हरभऱ्याची. आमच्या घरात आज दोन्ही डाळी मिसळतात. ही मिसळण कोणत्या पणजीने सुरू केली ते कळत नाही. कोणत्या तरी वर्षी हरभऱ्याची डाळ कमी पडली असेल आणि भिंतीपलीकडून तुरीची आली असेल. आपण जिला अस्सल परंपरा म्हणतो, ती अशाच कोणा नवख्याच्या अडचणीतून घडलेली असते. खुद्द सयाजीराव महाराजांची कथा तरी काय आहे? कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन येथे अक्षरे गिरवू लागला. ज्याने पुढे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तो राजाही मुळात परगावाहून शिकावयास आलेला विद्यार्थीच होता.

जिन्यावरच्या त्या मुलांना आपण भाडेकरू म्हणतो, पण वंशावळ थोडी मागे नेली की आपणही त्यांच्याच रांगेत उभे असतो. फरक एवढाच की, त्यांचे हात अजून पिठात आहेत आणि आपले धुऊन झाले आहेत. हातांबरोबर शब्दही जातात. या शहरात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने भरली, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु आपल्या नातवंडांपैकी कितीजणांना कट म्हणजे काय, उंडा म्हणजे काय, हे सांगता येईल? व्यासपीठावर जपलेली भाषा आणि ओट्यावर हरवलेली भाषा एकच आहे. जळगावच्या आईने त्या दुपारी आपल्या मुलाला निदान दहा शब्द तरी दिले असतील. ते त्याला पुन्हा शब्दकोशात शोधावे लागणार नाहीत.

आता त्या प्रश्नाकडे, जो आम्ही ताट घेताना विचारला.

विनोबांनी आपल्या आईची एक आठवण सांगितली आहे. बडोद्याच्या त्यांच्या घरी एखादा गरीब विद्यार्थी राहावयास असे. आदल्या दिवशीचे शिळे उरले तर आई ते स्वतः खाई, नाहीतर विन्याला देई. त्या विद्यार्थ्याला मात्र नेहमी ताजे वाढी. मुलाने एकदा तिला टोकले की, तू समभाव शिकवतेस आणि स्वतः भेद करतेस. तिने तो आरोप मान्य केला. तुझ्याविषयी माझ्या मनात अजून आसक्ती आहे, आणि त्याच्या ठिकाणी मला अतिथी-देव दिसतो. ज्या दिवशी तुझ्यातही देव दिसेल त्या दिवशी हा भेद राहणार नाही, अशा अर्थाचे तिचे उत्तर होते. भेद होता, पण तो परक्याच्या बाजूने झुकलेला होता. १९१८ साली ती माउली गेली.

याच शहराची त्याच वर्षांतली दुसरी गोष्टही आपल्याला ठाऊक आहे; आपण ती कमी वेळा सांगतो. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली अमेरिकेस गेलेले डॉ. आंबेडकर १९१७ साली करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी येथे आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. ज्यांच्याकडे आसरा मागितला त्या स्नेह्यांनी सबबी सांगितल्या. कमाटीबागेत एका झाडाखाली ते बसले, आणि रात्रीच्या गाडीने शहर सोडून गेले. संस्थानाने शिकविले, शहराने उंबऱ्याबाहेर ठेवले. एका घरात परक्या विद्यार्थ्याला देव मानून ताजे वाढले जात होते, आणि या अवघ्या नगरात एका विद्वानाला पाठ टेकण्यापुरते घर नव्हते. दोन्ही बडोदे खरे आहेत. आपण कोणत्या बडोद्याचे वारस आहोत, हे जन्मावरून ठरत नाही. दारात कोणी ताट घेऊन उभे राहिले म्हणजे ठरते.

"स्वयंपाक कोणी केला?" हा प्रश्न वरवर कौतुकाचा होता. तो मुलगाही कौतुकाचा समजला आणि म्हणून इतक्या मोकळेपणाने उत्तरला. परंतु त्या रात्री आम्ही स्वतःला प्रामाणिकपणे विचारले तेव्हा कबूल करावे लागले की, त्या तीन शब्दांत एक जुनी चौकशी दडली होती. कोणाच्या हातचे? कुठल्या मुलाचे? कोणत्या घरातले? खोली देताना आडनाव विचारले जाते, काय खाता असे विचारले जाते, आणि त्या विचारण्याला आपण सावधगिरी म्हणतो. दुकानाच्या डब्याला हे प्रश्न नसतात, कारण तेथे पैसे मध्ये असतात. पैशाला सोवळे लागत नाही. प्रेमाने आणलेल्या ताटाला मात्र ते लागू पडतात. म्हणजे ज्या अन्नात माणूस दिसतो त्याच अन्नाचा आम्हांस संशय येतो. हे आमच्या ध्यानी आले तेव्हा पोळी खाऊन झाली होती, आणि ती चांगली लागली होती, हे त्या कबुलीत सर्वांत अवघड होते.

यावरून 'घरचे' या शब्दाचा जो अर्थ आमच्या हाती लागतो तो असा. घरचे म्हणजे घराच्या चार भिंतींत केलेले नव्हे. तसे असते तर भाड्याच्या खोलीत घरचे काहीच होऊ शकले नसते. घरचे म्हणजे केवळ आपल्या जातीच्या वा गोताच्या हातचेही नव्हे. ईशान्येकडच्या त्या मुलाने जन्मात पुरणपोळी पाहिली नव्हती, आणि पुरणयंत्राचा दांडा सर्वांत अधिक त्यानेच फिरविला होता, असे मागाहून कळले. ज्यात आपण स्वतः राबलो आणि जे आपल्यापुरते न ठेवता दुसऱ्याच्या दारी नेले, ते घरचे. अशा अन्नाने घर तयार होते. घर आधी आणि अन्न मागाहून, असा क्रम आपण धरून चाललो होतो. त्या तिघांनी तो उलटा करून दाखविला. सणही त्याच नियमाने करणाऱ्याचा असतो, आणि जो खातो त्याचा तो पुढल्या वेळी स्वतः करील तेव्हा होतो.

शेजारचे ताट रिकामे परत करू नये, असा आपला संकेत आहे. त्या संध्याकाळी ताट विसळून ठेवले आणि त्यात काय घालावे हे सुचेना. डब्यात दुकानच्या पोळ्या उरल्या होत्या. त्या घालाव्याशा वाटल्या नाहीत. अखेर लिंबाच्या लोणच्याची बरणी दिसली. ते लोणचे मात्र घरात घातलेले होते. वाटीभर काढून ताटात ठेवले आणि जिना चढलो. खोलीत तिघेही पुस्तके उघडून बसले होते, आणि ओट्यावर पुरणयंत्र धुऊन उपडे ठेवले होते.

ती मुले आता आपापल्या ठिकाणी गेली. वरच्या खोलीत दुसरे विद्यार्थी आले आहेत. पुरणयंत्र परत माळ्यावर चढविलेले नाही. होळीला त्याचे झाकण उघडावे लागते, आणि आमच्या पोळ्याही कडेने फुटतात. कणकेचा अंदाज अजून आलेला नाही.